बावीस ओटे

साखरपाडा, रेवदंड्याजवळ
२१ जानेवारी २०२५

प्रिय नूरैन,

कशी आहेस? धाकटीचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक. आमच्या वाडीत यंदा सुपारी बरी धरली आहे. शाळेत सराव परीक्षेचे पेपर एकदाचे तपासून झाले. काल फोनवर तू विचारलंस, "अम्मी बाजारात जायला लागली का?" आणि मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला येत होता. प्रीतम गुरुवारी मस्कतला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देते आहे.

रहिमुन्निसाखाला बाजारात जायला लागल्या. गेल्या शनिवारी, चाचा गेल्यापासूनची चार महिने दहा दिवस घरात बसायची इद्दत संपल्यावर तिसऱ्या दिवशी. पण त्या आत बसत नाहीत. रस्त्यावर, रिक्षा उभ्या राहतात तिथे बसतात. का, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

मी आणि अलिबागचा विहंग मिळून गावांचे नकाशे करतो, हे तुला माहीत आहे. इंटरनेटवरचा तो खुला नकाशा, कुणीही भर घालावी असा. आमच्या गटात पंधरा-सोळा जण आहेत, सगळे हौशी. नोव्हेंबरमध्ये आपला मच्छीबाजार घ्यायचं ठरलं, तेव्हा तीन दिवस वाद चालला. विहंगचं म्हणणं, ही जागा सगळ्यांची मिळून आहे, तिथे भिंत नाही की ओटा नाही. बायका रोज जरा इकडे-तिकडे सरकतात. म्हणून एकच हद्द काढावी आणि 'बाजार' लिहावं. मी अडून बसले. म्हटलं, प्रत्येकीची जागा दाखवू, नावानिशी. उद्या कुणी उठवायला आलं तर या बायकांच्या हातात काहीतरी असेल. मला ते मनापासून वाटत होतं, नूरैन. मत घेतलं आणि मी जिंकले.

पुढच्याच मंगळवारी सकाळी मी टेप घेऊन मोजायला गेले. बावीस जणी बसल्या होत्या, बावीस जागा काढल्या.

पंचायतीला तो नकाशा फार आवडला. डिसेंबरात त्यांनी पत्र्याची शेड घातली, खाली सिमेंटचे ओटे बांधले, नकाशाबरहुकूम. ओट्यांवर पिवळ्या रंगाने आकडे टाकले. वर मोठा फलक लावला, त्यावर बावीस नावं. मी त्याचा फोटो काढून गटावर टाकला होता. तुलाही पाठवला होता. तू वर केलेला अंगठा पाठवलास.

शनिवारी मी कोळंबी घ्यायला गेले होते. खाला आल्या, डोक्यावर सोडे आणि बोंबलांची पाटी. बायकांनी त्यांना जवळ घेतलं, करमअलीचाचांची आठवण काढली, दोघीतिघी रडल्या. मग खाला सात नंबरच्या नीराबाईंच्या शेजारी पाटी उतरवायला वाकल्या आणि नीराबाई सरकल्या नाहीत. तीस वर्षं या दोघींनी एका पानातली सुपारी खाल्ली आहे. मला वाटलं, लक्ष नसेल. खाला म्हणाल्या, जरा सरक. नीराबाईंनी मान खाली घातली.

"सरकले तर माझा ओटा अर्धा व्हईल," त्या म्हणाल्या. "नकाशात तसा न्हाय."

पलीकडची आठ नंबरवालीही हलली नाही. खाला उभ्याच. त्यांना मराठी वाचता येत नाही, तुला ठाऊक आहे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तर समोर मी.

"आशू, माझा नाव कुठं हाय? वाच गो."

मी वाचलं. एक ते बावीस, सगळी नावं मोठ्याने. माझ्या तोंडून ती नावं कशी निघाली, मला अजून कळत नाही. खालांनी शेवटपर्यंत ऐकलं, पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि बाहेर गेल्या. तो फलक कुणाच्या नकाशावरून केला, हे मी तेव्हा सांगितलं नाही.

आणि तुलाही अजून पुरतं सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरात मी मोजत होते तेव्हा नीराबाईंच्या शेजारी हातभर रुंद जागा रिकामी होती. तिथे एक पाटी पालथी घातलेली. त्याच मला म्हणाल्या होत्या, "ही रहिमुन्निसाची. आम्ही ठेवलीय." मी म्हटलं, जमिनीवर दिसतं तेवढंच आम्ही काढतो, त्या आल्या की घालू. आणि ती मोकळी जागा सात नंबर आणि आठ नंबरला निम्मी निम्मी वाटून टाकली, रेघ सरळ यावी म्हणून. दोन महिने ज्या बायकांनी काही लिहून न घेता ती जागा राखली, त्याच बायका रेघ पडल्यावर हातभर हलल्या नाहीत. याचा धक्का मला अजून सोसत नाही. पण रेघ माझी होती.

शनिवारीच विहंगला फोन केला. इंटरनेटवरच्या नकाशातल्या सगळ्या जागा पुसून एकच हद्द ठेवली, पाच मिनिटांत झालं. पिवळा रंग तसाच आहे. ग्रामसेवक म्हणतात, ओट्यांची आखणी बदलायला ग्रामसभेत ठराव हवा आणि बावीसही जणींच्या सह्या. मी दारोदार फिरले. चार झाल्या. नीराबाईंनी दार उघडलं, अर्ज हातात धरला, बराच वेळ धरला, आणि परत दिला.

आज सकाळी खालांपाशी रस्त्यावर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. त्या एका गिऱ्हाइकाला सोडे देत होत्या. ते गेल्यावर म्हणाल्या, "मी इद्दतीत हाय, हे तुला म्हाईत व्हता ना?"

मी म्हटलं, हो.

त्यांनी पाटीतले बोंबील नीट लावले. मग म्हणाल्या, "नूरैनला तूच सांग. तिच्यापुढं मला तुझा नाव घ्यायचा न्हाय."

म्हणून हे पत्र. उरलेल्या सह्यांसाठी मी उद्या पुन्हा निघते आहे. त्या मिळतील असं तुला लिहवत नाही. खालांनी जे नाव घेतलं नाही, ते मी खाली लिहिते आहे.

आश्लेषा