तंगुसात अडकलेलं ड्रोन

प्रिय ठमे,

तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू आईवर गेली आहेस, तुझ्यापासून काही लपत नाही. तुमच्या घरामागची ती लहान खोली माझ्यासाठी ठेवायची की भाड्याने द्यायची, एवढंच तुला माझ्याकडून हवंय, आणि तो भाडेकरू बिचारा ताटकळलाय. उत्तर याच पत्रात देतो. पण आधी तुझ्या ड्रोनचं काय झालं ते ऐक, कारण त्याची मी पुरती वाट लावली आहे.

हो, तुझं जुनं ड्रोन. नवीन घेतलंस आणि जे इथे कपाटात टाकून गेलीस, तेच. ओरडू नकोस, मला बोलायला काहीतरी हवं होतं. आपले फोन कसे होतात ते बघ ना. तू विचारतेस, गोळ्या घेतल्या का. मी विचारतो, तिकडे पाऊस आहे का. मग तू म्हणतेस, बाकी काय, आणि मी म्हणतो, बाकी मजेत. झालं. तू दिवसभर लोकांच्या छपरांवरून ड्रोन फिरवून फोटो काढतेस, आणि तुझ्या बापाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हटलं, शिकून घ्यावं, म्हणजे पुढच्या फोनला तुझी बोलती बंद करता येईल. दुकान बंद केल्यापासून वेळ तर नुसता उतू चाललाय. मोबाईलवर बघून बघून शिकलो. एकदा घरातच उडवलं तर कॅलेंडर खाली आलं आणि मी पलंगाखाली गेलो.

मग सकाळी तळ्यावर नेऊ लागलो. तिथे त्या वेळी चिटपाखरू नसतं. आई असताना आम्ही फेरीला जायचो तीच वाट. दोन-चार दिवस छान उडालं, मला तर वाटलं आता मी तुझ्या हाताखाली कामाला लागतो. मग काठावरच्या त्या वाकड्या झाडापाशी जरा शहाणपणा करायला गेलो. फांद्या पाण्यावर झुकल्यात ना, त्यांच्या खालून काढायचं होतं. मधे काहीच नव्हतं, शपथेवर सांगतो, मोकळी हवा होती. आणि हवेतच ते अडकलं, गरगरलं आणि वाकडं होऊन लोंबायला लागलं. नीट बघितलं तेव्हा उन्हात एक बारीक रेघ चमकली. गळ टाकणाऱ्यांचा नायलॉनचा दोरा, तंगूस म्हणतात तो. गळ फांदीत अडकला की ही माणसं दोरा कापतात आणि घरी जातात. दोरा तिथेच राहतो. सगळं झाड त्याने भरलेलं आणि खालून काहीच दिसत नाही.

आता मी शिंपी. आयुष्य दोऱ्यात गेलं. हाताला येईल असं एक टोक खाली लोंबत होतं, ते मी सवयीने बोटाला दोन वेढे देऊन झटक्यात ओढलं. दुकानात दिवसातून शंभरदा असाच दोरा तोडायचो. पण हा काही तुटला नाही, माझं बोटच कापलं, चांगलं खोलवर. रुमाल गुंडाळून घरी आलो. एका हाताने पट्टी बांधायला जमेना. ती घट्ट धरायला दुसरा हात लागतो, आणि तो घरात नव्हता. शेवटी शिलाई मशीनपाशी बसलो, सुईजवळचा जो पाय कापड दाबून धरतो त्याच्याखाली पट्टीचं टोक दाबलं आणि हातच गोल फिरवत बोट गुंडाळलं. जमलं हो. एवढ्याशा बोटासाठी रडू यावं असं माझं वय नाही, पण आलं.

दुपारी शेजारच्या रंगाऱ्याला गाठलं. तो भला माणूस आहे, शिडी आणि रोलरची लांब दांडी घेऊन लगेच निघाला. दांडीच्या टोकाला त्याने तारेचा आकडा बांधला, शिडीवर चढला आणि फांद्यांत डोकं खुपसून म्हणाला, काका, इथे आधीच कुणीतरी आहे. एक पाणकावळा होता. पंखाभोवती आणि पायाभोवती तंगुसाचे वेढे, उलटा लटकलेला, वाळून अगदी हलका झालेला. किती दिवस होता कुणास ठाऊक. त्याने फडफड केली असणार, ओरडला असणार. ठमे, मी रोज त्या झाडाखालून जातो. मान वर करून कधी बघितलं नाही.

आधी त्याला उतरवलं, मग तुझं ड्रोन. ड्रोनच्या दोन पात्या तुटल्या आहेत आणि एक पाय नाही. पाखराला झाडाच्या मुळाशी पुरलं. मग शिडी आहेच म्हणून हाताला लागेल तेवढा तंगूस काढला. रंगारी वरून सोडत होता, मी खाली बसून माझ्या कात्रीने डाव्या हाताने त्याचे बारीक तुकडे करत होतो, म्हणजे पुन्हा कुणाचा पाय अडकायला नको. मी वेडेवाकडे कापतोय बघून तो म्हणाला, काका, याचे शर्ट शिवायचे नाहीत, कसेही कापा. म्हणाला, हे काही कुजत नाही, आपण जाऊ पण हे राहील. तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला, कुठे आहात, चहा गार होतोय. तो घाईने शिडी आवरायला लागला. मी उगाचच खिशातून माझा मोबाईल काढून बघितला आणि परत ठेवला.

घरी येऊन ड्रोनमधलं कार्ड काढलं. तू शिकवलंस तसं टीव्हीला लावलं. म्हटलं, निदान पडण्याआधीचं काही मिळालं तर तुला पाठवता येईल. पडण्याआधीचं ठीकठाकच आहे, सगळं हलतंय. पण अडकल्यावरही त्याचा कॅमेरा चालूच राहिला होता, बॅटरी संपेपर्यंत. वाकड्या तोंडाने खाली बघत होता आणि खाली मी होतो.

आधी मला माझं टक्कलच ओळखू आलं नाही. मग बघितलं तर तो माणूस बोलत होता. आवाज येत नाही त्यात, पण तोंड चालू होतं, हात चालू होते. झाडाकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होता, मधेच हसत होता. मला वाटलं, ड्रोनला शिव्या देत असेन. पण तो बघत होता आपल्या उजव्या बाजूला, आणि तिथे कुणी नव्हतं. वाटेवर तो चिखलाचा पट्टा आहे ना, फळी टाकलेला, तिथे तो थांबला. बाजूला सरकला. आणि आई तिथून जाताना मी द्यायचो तसा त्याने हात पुढे केला, आणि ती पलीकडे पोचेपर्यंत तसाच धरून ठेवला.

हे मी करतो, हे मला माहीतच नव्हतं. रोजच करत असणार. मी तुला सांगत होतो की इथे माणसांची वर्दळ असते, शेजारीपाजारी येतात-जातात, माझं छान चाललंय. खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही गं, मला खरंच तसं वाटत होतं. दिवसभर कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटायचं ना.

पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठी. फोनवर तू विचारलं असतंस आणि माझ्या तोंडून पुन्हा मजेत आहे असंच निघालं असतं. तर ती खोली कुणाला देऊ नकोस. मी येतो. तिकडे मी एकटाच बोलताना दिसलो तर घाबरू नकोस, तुझ्या पोरांनाही हसू दे, त्यांना रागावू नकोस. फक्त तू जवळपास असलीस आणि मी काही विचारलं, तर ते तुला विचारलंय असं समज आणि उत्तर दे.

सामान फारसं नसलेला,
तुझाच
बाबा