क्रिप्टोच्या पांढऱ्या अळ्या

आई, तू जाऊन बारा वर्षं झाली, आणि ज्या किड्यापायी तुला माझ्या सरांची बोलणी खावी लागली त्याच्या नावाचा अर्थ सांगायचा राहिलाच. क्रिप्टोलीमस. ग्रीक शब्द आहेत म्हणे, लपलेला गळा. उताणा करून भिंगाखाली धरला की छातीचा काठ तोंडाखाली पुढे आलेला दिसतो, गळा झाकून जातो. नाव देणाऱ्याने तेवढंच पाहिलं आणि त्याच्या सगळ्या भाऊबंदांना ते चिकटवून टाकलं. तू मात्र मी आणलेली भुंग्यांची डबी उघडल्या उघडल्या म्हणालीस, "अगं, ह्याच्यावर ठिपके कुठं हायेत? फसवलं तुला!"

मी तेव्हा कृषी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. अंगात शहाणपण मावत नव्हतं. हा बिनठिपक्यांचा लेडीबर्ड भुंगा द्राक्षावरचा मिलीबग, तो पांढरा पिठ्या ढेकूण, खातो, तू फक्त बघत राहा, असं तुला ऐकवून डबी बागेत सोडली. तीन आठवड्यांनी घरी येते तर वेलांच्या ओलांड्यांवर, त्या आडव्या फांद्यांवर, पांढरं, कापसासारखं काहीतरी वळवळतंय. मिलीबग वाढला म्हणून मी घाबरले. तुला म्हणाले, घे फडकं, पुसून काढ सगळं. तू जुन्या लुगड्याचं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून दिवसभर वेल न् वेल पुसून काढलास. मान आखडली तरी थांबली नाहीस.

पुढच्या रविवारी आमचे सर बाग बघायला आले, वेल पुसल्याचं ऐकलं, सांदीत उरलेली एक पांढरी अळी पाहिली आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. "अहो, त्या क्रिप्टोच्याच अळ्या होत्या! मिलीबगसारख्या दिसतात, पण मोठ्या असतात, भराभर चालतात. कोणी पुसल्या?"

मी पटकन म्हणाले, "आईने. तिला कळलं नाही."

तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. "व्हय सर, मला काय कळतंय त्यातलं. चुकलंच माझं." सर बरंच बोलले. तू ऐकून घेतलंस आणि त्यांना चहा टाकायला गेलीस. नंतर मला दोन शिव्या हासडल्या असत्यास तर बरं झालं असतं गं. अजून लाज वाटते.

आता मीच बागायतदारांना क्रिप्टो शिकवते. अळीचा फोटो दाखवते आणि लक्षात राहावा म्हणून हा किस्सा सांगते. काल पिंपळगावला खरं काय ते सांगायचं, असं ठरवून गेले होते. हॉल भरलेला, माईक हातात. तोंडातून आलं, "माझ्या आईने एकदा सगळ्या अळ्या पुसून टाकल्या." लोक हसले. मीही हसले.