लोणच्याच्या बरणीतले मासे

नाशिक, मंगळवार, मार्च १९३४, संध्याकाळ

वाचले! नार नदीतून अभ्यासासाठी जमवलेले सगळे मासे वाचले. शेपटीवर काळा ठिपका असलेला तोसुद्धा. तो कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, म्हणून माझा सगळा जीव त्याच्यात.

सुरगाण्याहून येताना नाक्यावरच्या शिपायाने बरण्या हुंगल्या. मासे टिकावेत म्हणून स्पिरिटमध्ये ठेवलेत, असं परोपरीने सांगितलं. तो म्हणाला, "दारू न्यायची म्हनून वरनं मासे टाकलेत. आमाला कळतं, मास्तर." आणि सगळं स्पिरिट मातीत ओतलं. भांडायला हवं होतं का? मेला ऐकणार थोडाच होता!

मग कळवणला मीठ घेऊन माशांना चोळलं, फडक्यात बांधलं. मोटारीत सगळे नाक धरून बसलेले. ठिपकेवाला मऊ पडायला लागला होता.

घरी पोचलो तेव्हा "ठिपकेवाला गेला" एवढंच बडबडत होतो म्हणे. आई दारात. आमच्या घरात आजवर मासा आलेला नाही. नाकाला पदर लावून तिने गाठोड्यात डोकावलं. "नुसतं चोळून भागतं का रे? खाली मीठ, वर मीठ, मधे थर. लिंबाला घालतो तसं." आत गेली आणि लोणच्याची मोठी बरणी रिकामी करून घेऊन आली. तिच्या माहेरची बरणी. उंबऱ्याबाहेर ठेवली.

"अगं, ही आता परत स्वयंपाकघरात..."

"माहीत आहे मला. तो ठिपक्याचा आधी घाल."