राजाचा पेला

पनवेल, मुलींचं हॉस्टेल

आये,
तुझ्या पाया पडते. मी बरी हाय. होडी रंगवून झाली का?

वर्गात इंग्रजी शोकांतिकेचा शेवटचा अंक चालू हाय. राजा दुसऱ्यासाठी पेल्यात इख कालवतो आणि राजपुत्र तेच त्याच्या नरड्यात ओततो. सोमवारी आमाला तो प्रवेश करून दाखवायचा हाय.

राजा झालाय शार्दूल. माझा सुकटीचा डबा उघडला की हाच नाक दाबतो, माझ्या ‘नाय’ची नक्कल करतो. आता मी जिन्यात बसून जेवते. राजपुत्राचं काम मी मुद्दाम मागून घेतलं.

पेल्यात कोकम सरबत असेल, असं त्याला सांगितलंय. तू सुकट धुतलेलं पाणी बाटलीत भरून धाड. बूच घट्ट लाव.

तो ‘बास’ म्हणेल. सगळ्या वर्गासमोर मी म्हणेन, ‘नाय.’

तुझीच लेक,
मनिषा