धुरपदाबाईंना उठवणार कोण?

लिंबायत, सुरत
दि. २ ऑगस्ट १९९७

ती. स्व. भागीरथीताईस,
धाकट्या रामदासचा शि. सा. न. वि. वि.

उज्ज्वलेचं पत्र का नाही, असं विचारतेस. तुझी लेक सध्या दवाखान्याच्या फाटकासमोर मांडवात बसते. सोबत पांढऱ्या साड्यांतल्या सगळ्या नर्सबाया. ती त्यांच्या युनियनची चिटणीस झाली आहे. निवड बिनविरोध झाली. तिच्याविरुद्ध उभं राहायला कोणी धजलं नाही.

मागणी एवढीच की साठ खाटांच्या वॉर्डात रात्री एकच नर्स असते, तिथे दोन द्या. मी पडलो संस्कृतचा मास्तर, मला हे लगेच पटलं. एकवचन झालं की द्विवचन येतं, हे आम्ही आठवीच्या पोरांना शिकवतो. दवाखान्याचे ट्रस्टी मात्र एकवचनातच नापास होऊन बसले आहेत. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी उलट उज्ज्वलेलाच नोटीस दिली. संप फसला तर तिची नोकरी जाणार. म्हणून त्या आळीपाळीने उपोषणही करतात. शाळा सुटली की मीही जाऊन घोषणा देतो. माझे उच्चार फार शुद्ध असल्याने घोषणा आरतीसारखी वाटते, अशी तुझ्या लेकीची तक्रार आहे.

भावजींना हे जेवण झाल्यावर सांग. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
रामदास


पारोळा
दि. ७ ऑगस्ट १९९७

चि. रामदास यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद, रागासकट.

तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकर करपली. पोर तुझ्या भरवशावर सुरतेला ठेवली, आणि मामाच घोषणा देतो! अरे, तिथल्याच नवागामच्या धुरपदाबाईंनी त्यांच्या भूपेंद्रसाठी तिला मागणी घातली आहे. मुलगा कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, निर्व्यसनी आहे. पोरगी रस्त्यावर बसली आहे हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

म्हणून मी सुरतेला निघालेल्या लोटूच्या हाती त्यांना निरोप धाडला की पोरीला ड्यूटीतून फुरसत नाही, तुम्हीच दवाखान्यात जाऊन बघून या. कामात गढलेली मुलगी कोणत्या सासूला आवडत नाही? त्या येत्या सोमवारी जाणार आहेत. तेवढा एक दिवस तिला मांडवातून उठवून आत धाड. क्रांती मंगळवारी करा.

मुलांना आशीर्वाद. रागावले तरी ताईच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई


लिंबायत, सुरत
दि. १२ ऑगस्ट १९९७

ती. स्व. ताईस,
रामदासचा नमस्कार, या खेपेला जरा लांबूनच.

तुझं पत्र आज मंगळवारी मिळालं. धुरपदाबाई काल येऊन गेल्या.

काल उपोषणाची पाळी कोकिळाबेनची होती. माश्यांना कंटाळून तिने चादर तोंडावरून ओढून घेतली होती. भोवती पांढऱ्या साड्या, माना खाली. धुरपदाबाई कोपऱ्यावर रिक्षातून उतरल्या, त्यांनी हे पाहिलं, आणि आपल्याकडची कोणतीही जाणती बाई जे करील तेच केलं. पदर तोंडावर ओढला आणि मन्ही माय वं म्हणत तिथूनच हेल काढला. येऊन कोकिळाबेनच्या उशाशी बसल्या आणि ऊर बडवू लागल्या. कोकिळाबेन दचकून उठून बसली. रिक्षावाला रिक्षा टाकून पळाला.

उज्ज्वलेने त्यांना सावरून सांगितलं की मावशी, कोणी गेलेलं नाही, हा संप आहे; आणि कशासाठी तेही सांगितलं. मला वाटलं, बाई ओशाळतील. त्या ऐकून घेऊन पुन्हा रडू लागल्या, पण आता आवाज निराळा होता. त्यांची थोरली सुवर्णा बाळंतपणात इथेच गेली. रात्रभर हाका मारत होती आणि नर्स वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. त्या म्हणाल्या, त्या नर्सपोरीला मी बोल लावत नाही, तिला तरी पाय दोनच.

मग त्या उठेनात. दारावर रडायला आलेल्या बाईला घरच्या कर्त्याने हात देऊन, पाणी पाजून उठवायचं ही आपली रीत. उज्ज्वला हात द्यायला गेली तर म्हणाल्या, तू नव्हेस, या घरचा कर्ता आत पंख्याखाली बसला आहे. तोवर बातमी पसरली होती. कोण गेलं हे न विचारता लिंबायतच्या बाया येऊन बसू लागल्या. रस्ता बंद झाला.

एवढ्या दिवसांत एकदाही बाहेर न आलेले डॉक्टरसाहेब स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन आले. गुजराती असले तरी रीत त्यांनाही ठाऊक. धुरपदाबाईंनी विचारलं, दुसरी नर्स देता का? साहेब म्हणाले, फाइल ट्रस्टींकडे आहे. बाईंनी पदर पुन्हा खाली ओढला. मागून सगळ्या बायांनी सूर धरला. साहेब तांब्यासकट फोनकडे धावले, ते होकार घेऊनच परतले. तेव्हा कुठे बाई दोन घोट पाणी प्याल्या आणि उठल्या.

जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, यांतली भागीरथीची पोर कोणती?

राग उतरला की लोभ कळवावा.

तुझा,
रामदास


सुरत
दि. २४ ऑगस्ट १९९७

तीर्थरूप आईस,
उज्ज्वलाचा नमस्कार, अण्णांनाही सांग.

नोटीस मागे घेतली. साहेबांनी तोंडी समज दिली, मी ती तोंडीच परत केली. मामा हिरमुसलेत, घोषणा आत्ता कुठे जमायला लागल्या होत्या म्हणे.

धुरपदामावशी घरी येऊन गेल्या. लग्नानंतर नोकरी सोडणार असशील तर बोलणी इथेच थांबव, असं त्यांनी बजावलं. मी म्हटलं, आधी मुलगा तर बघू द्या. त्यावर त्या खूप हसल्या. भूपेंद्र पुढच्या रविवारी येतोय. तू लगेच साखर वाटू नकोस.

गेल्या सोमवारपासून रात्री वॉर्डात आम्ही दोघी असतो, मी आणि कोकिळाबेन. पहिल्याच रात्री एका आजींनी पाण्यासाठी हाक मारली आणि सवयीनं आम्ही दोघीही धावलो. दोन-दोन नर्सा आल्या म्हणजे आपलं काही खरं नाही, असं समजून आजी रडायलाच लागल्या. काही केल्या ऐकेनात. शेवटी कोकिळाबेननं बाकीचा वॉर्ड बघितला आणि मी त्यांचा हात धरून, त्यांना झोप लागेपर्यंत बसून राहिले.

आई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसता आलं.

आठवण ठेव, काळजी नको.

तुझी,
उज्ज्वला