भिंतीवरचं गवत

अप्पा, तीर्थरूप लिहिलेलं नाही, मुद्दामच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी नोकरीतून निवृत्त झाले, जीभ मात्र निवृत्त झाली नाही. तेव्हा ऐकून घ्या. लातूरच्या त्या रस्त्यावर जे बोलायचं राहिलं, ते नांदेडच्या गॅलरीत बसून लिहिते आहे.

दुष्काळाचं साल. मी पंधराची, सिस्टरांच्या शाळेतून सुट्टीला घरी आलेली, शुद्ध बोलणारी, घरातल्या सगळ्यांच्या चुका काढणारी. तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवायचात, पण पाटी करून घेणारं कुणी उरलं नव्हतं. गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं होतं आणि तिथल्या बायांच्या लेकरांसाठी सडकेकडेला एक बालवाडी. तिची कोरी भिंत तुम्हाला बघवेना. "तू गाणं कर, मी चितरं काढतो," म्हणालात. मी केलं. 'देवणीचा बैल निघाला पाणी शोधायाला, विहीर म्हणे, दादा, तूच थोडं दे मला.' अशा आठ ओळी, तुमच्या आठ चौकटी. मी रंगाचा डबा धरून उभी आहे, तुम्ही बैलाचे काळे ठिपके भरताय, आणि बैल पोटापर्यंत हिरव्यागार गवतात! मी चिडले. "अप्पा, दुष्काळात गवत? हे खोटं आहे." ब्रश न थांबवता तुम्ही म्हणालात, "खूर जमत न्हाईत मला. आजवर एकाबी जनावराला काढले न्हाईत. गवतात लपतेत." सिस्टर खोटेपणाला पाप म्हणायच्या; मी तुम्हाला तिथल्या तिथं पापी ठरवलं. तेवढ्यात एका पोरीनं बालवाडीत खायला मिळालेल्या सुकडीचा हात भिंतीला पुसत विचारलं, "हे कुठलं गाव हाय?" तिची आई खडीच्या ढिगावरून ओरडली, "पेंटर, पत्ता द्या की त्या गवताचा! म्हस धाडते चरायला." सगळ्या बाया हसल्या. तुम्हीही. मी नाही. शेवटच्या चौकटीखाली तुम्ही लिहिलंत, 'गाणं लेकीचं, चित्रं बापाची.' तिथं मात्र मी उगाच रेंगाळले. आपण दोघांनी मिळून केलेली तेवढी एकच गोष्ट.

मग दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. साऱ्या गावाच्या पाट्या बदलायच्या, तुमचा हात रिकामा राहीना. मी माझ्या तीन वर्षांच्या मुलीला ती भिंत दाखवायला नांदेडहून एसटीनं आणलं, वाटेत तिच्याकडून गाणं पाठ करून घेतलं. आणि तुम्ही शिडीवर, हातात चुन्याचा ब्रश. सात चौकटी गेलेल्या. "अप्पा, हे काय करायलाव?" शुद्ध बोलणं विसरले मी. "साहेबलोक येणार हायेत. नव्या जिल्ह्याचं स्वागत लिहायचंय हितं." "मग दुसऱ्या कुणाला करू द्यायचं!" "दुसऱ्यानं एकच हात मारला असता, बाई. पावसाळ्यात खालनं बैल दिसला असता." म्हणून तुम्ही दोन हात मारत होता. कारागिरीचा केवढा हा अभिमान! मुलगी विचारत होती, "आई, बैल कुठंय?" मी तिला उचललं आणि मिळेल त्या एसटीनं परतले. नंतर तुमचं पत्र आलं, मी उत्तर दिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेल्याची तार आली.

मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय, चांगला घट्ट. पोटाचं काम होतं, साहेबांना नाही म्हणता येत नव्हतं, तेही मानलं. पण लेकीला एक पोस्टकार्ड टाकता आलं असतं, अप्पा. 'ये, शेवटचं बघून जा.' एवढं नाही सुचलं?

काल नातीला चित्र काढून कविता लिहायला सांगितली होती शाळेत. आठही ओळी मला पाठ निघाल्या. बैलही मीच काढला. खूर तीनदा काढले, तीनदा खोडले. बैल खुर्चीसारखा दिसायला लागला. नात म्हणाली, "आजी, तुला खूर येत नाहीत?" "येतात की," म्हणाले आणि हिरवा खडू उचलला. हे पत्र कुठं टाकणार नाही, म्हणून तेवढं तुम्हालाच सांगते. पोटापर्यंत गवत काढलं.