गादीवरचे क्रांतिवीर

तीर्थरूप आप्पांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आपल्या भिंतीवरच्या फोटोतल्या क्रांतिवीरांचं नाव कारखान्याला आहे, एवढं ऐकूनच तुम्ही निर्धास्त झालात. कारखाना गाद्यांचा आहे, हे सांगायचं राहिलं.

प्रत्येक गादीवर मी त्यांच्या चेहऱ्याचं लेबल शिवतो. लोकांचे पाय लागू नयेत म्हणून उशाकडे शिवलं, तर मुकादम म्हणाला, "पायाकडेच शिव. दुकानात गिऱ्हाइकाची नजर तिथंच जाते."

ते तुरुंगात फरशीवर झोपायचे, असं तुम्हीच सांगायचात. खोलीवर आम्हीही फरशीवरच झोपतो. सवय झाली.

आईची पाठ कशी आहे? डाग पडलेली एक गादी मला मिळाली, ती पाठवतोय. इथं पसरायला जागा नाही.

लेबल मी उसवलंय. बिनधास्त झोपा.

तुमचा,
धाकटा